उतरायच्या आधी सांग

अप्पा, तुम्ही दिलेली ती सीट अजून माझ्या बुडाखाली आहे. नांदेडला लेकाच्या घरात, खिडकीपाशी, सुतारानं करून दिलेल्या लाकडी चौकटीवर बसवलेली. रेक्झिनचा रंग उडाला, डाव्या बाजूचा गोट मी दोनदा उसवून परत घातला, पण आतला काथ्या काही दबला नाही. सून पाहुण्यांपुढं ओशाळते. "नवा सोफा आणलाय, तरी आत्याबाई त्या जीपच्या सीटवरच बसतात बघा," म्हणते. मी म्हणते, पाहुण्यांना त्या सोफ्यावर दोन तास बसव आणि मग विचार कुठं दुखलं. ते काही सांगणार नाहीत. चहा पिऊन, छान आहे म्हणून जातील.

तुम्ही गेलात तेव्हा माझी नात रांगत होती. ह्याच सीटला धरून ती उभी राहिली. आता ती पुण्याकडं मोटारीच्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर आहे, आणि तिथं काम काय करते, तर सीटा बघते. गेल्या आठवड्यात ती कंपनीची नवी गाडी घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आज्जी, ह्या सीटीच्या कागदावर माझी सही पाहिजे म्हणतायत. करू का?" तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे. दुपारी सगळी आपापल्या कामाला गेली की मी वही काढते. दुसरी पास बाईचं अक्षर आहे, हसू नका. उसवलेली शिवण दिसते म्हणाल.

आपली पहिली गाठ तुम्हाला आठवते का, मला माहीत नाही. मला जीपचा तो वाससुद्धा आठवतो. औश्याहून लातूरला येणारी काळी-पिवळी, माणसं कोंबलेली, माझ्या मांडीवर मेथीच्या जुड्या. निम्म्या वाटेत माझा जीव मेटाकुटीला आला आणि मी मोठ्यानं म्हणाले, "ही सीट ज्यानं शिवली ना, त्याला हिच्यावरच बांधून हैदराबादला न्या म्हणावं!" पुढच्या सीटवरचा माणूस वळला. पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे तीन पट्टे. "बाई, मीच शिवलीय," तुम्ही म्हणालात. "कुठं दुखायलंय?" सगळी जीप हसली. दुसरी असती तर पदर तोंडाला लावून बसली असती. मी म्हणाले, "इचारायलाव तर सांगते. डाव्या मांडीखाली सळई लागायलीय, माकडहाडाखाली नुसती हवा हाय, आन पाठीत कोंबडं टोचावं तसं टोचायलंय." तुम्ही हसला नाहीत. खिशातून पेन्सिल काढून एका जुन्या एसटीच्या तिकिटाच्या मागं लिहून घेतलं. स्टँडवर उतरल्यावर म्हणालात, "उद्या कारखान्यात ये, अक्का."

"शिवायला?"

"शिवायचं शिकता येतंय. बोलायला ये."

माझ्या जिभेचा तोवर सगळ्यांना ताप होता. माहेरी अर्धापूरला आई म्हणायची, हिला सासर कसं सोसेल. सासरी सासू म्हणायची, हिला आम्ही कसं सोसायचं. नवरा डाळमिलमध्ये पोती उचलायचा, घरी येऊन गप्प जेवायचा आणि गप्प झोपायचा, तो तरी काय करेल. जो तो झाकण शोधत होता. तुम्ही एकटे निघालात ज्यांनी म्हटलं की हिचं झाकण काढा. हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही. तोंडावर मी फक्त तक्रारी सांगितल्या, कारण तेच माझं काम होतं.

एमआयडीसीच्या कडेची ती पत्र्याची शेड. आम्ही नऊ बाया, बहुतेकीचा हात गोधडीवर बसलेला, त्यामुळं जाड सुई चालवायला भीती नव्हती. ऑफिसात तुम्ही कधी बसलाच नाहीत. जी सीट पुढं येईल तिच्यावर बसायचात, डोळे मिटून, देवासमोर बसावं तसं. आणि नवी सीट ठरवायची असली की आपली ती फेरी. तुमच्या जुन्या मोटारीतल्या सीटा काढून नव्या ठोकायच्या, पुढं मी, मागं दोघी-तिघी, आणि तुम्ही गाडी काढायचात लातूरहून नांदेडकडं, अहमदपूर, लोह्यावरून. तो रस्ता तेव्हा रस्ता नव्हताच. लोक खड्डे चुकवायचे, तुम्ही शोधायचात. मागच्या बाया देवाचा धावा करायच्या आणि मी म्हणायचे, "अप्पा, तो एक राह्यला बघा, मागं घ्या." आणि तुम्ही खरंच मागं घ्यायचात.

लोह्याला चहाच्या हॉटेलापुढं गाडी थांबायची. पण उतरायचं नाही. दाराच्या कडीवर तुमचा हात. "उतरायच्या आधी सांगा. उतरलं की माणूस इसरतंय." किती खरं होतं ते मला पुढं कळलं. पाय जमिनीला लागले, कंबर ताणली, चहाचा वास आला की दोन तासांचं दुखणं कुठल्या कुठं जातं, आणि माणूस म्हणतो, बरी होती की सीट. म्हणून आम्ही आतच. एकदा मी कळवळून म्हणाले, "अप्पा, आधी आडोशाला जाऊ द्या, मग सांगते." तुम्ही म्हणालात, "आधी सांग, मग जा. लवकर सांगशील तर लवकर जाशील." मागच्या बाया हसून हसून रडल्या. मी सांगितलं, आणि पळाले.

परत आल्यावर भिंत. शेडच्या आतल्या भिंतीवर तुम्ही गेरूनं बसलेला माणूस काढला होता, एका बाजूनं दिसतो तसा, नाक नाही, डोळे नाहीत, नुसती पाठ, कंबर, मांड्या. जिला जिथं दुखलं तिनं तिथं बोट टेकवायचं, ओल्या चुन्याचं. सगळ्यांचे ठिपके एका जागी पडले की तुम्ही टाळी वाजवायचात, जसा काही गुप्तधनाचा पत्ता लागला. मग तिथली सळई वाकवायची, नाहीतर काथ्या वाढवायचा, आणि परत लोहा. दसऱ्याच्या आधी सगळी शेड चुन्यानं रंगवली जायची, ती भिंत सोडून. खंडेनवमीला तुम्ही पहिलं फूल त्या माणसाला वाहायचात, मग मशीनला.

एकदा तुम्ही मला बोललात ते माझ्या अंगावर अजून आहे. लेकाच्या शाळेत मला बोलावलं होतं, घाई होती, आणि लोह्याला तुम्ही विचारल्यावर मी म्हणाले, काही दुखलं नाही. कंबर मोडली होती. बाकीच्या माझ्या तोंडाकडं बघून बोलायच्या, त्याही न्हाई म्हणाल्या. त्या सीटा जीपांना लागल्या आणि पंधरा दिवसांत ड्रायव्हर लोक शिव्या घालत आले. तुम्ही त्यांना चहा दिला, सगळ्या सीटा काढून घेतल्या, आणि मग मला भिंतीपुढं उभं केलंत. आवाज चढवला नाहीत. "अक्का, हात मला कुठंबी मिळतेत. तुझी जीभ मिळत न्हाई. ती घरी ठिवून यायची आसंल तर तूबी घरी ऱ्हा." त्या दिवशी मी मशीनवर बसून रडले नाही, पण दोन सुया मोडल्या. त्या सीटा परत शिवल्या तेव्हा मी स्वतः तुम्हाला लोह्याला घेऊन गेले, आणि इतकं बोलले की तुम्हीच म्हणालात, पुरे, उतर आता. त्या खंडेनवमीला ही सीट तुम्ही माझ्या घरी पाठवली. "तुझ्या बोंबलण्याची हाय," म्हणालात.

मग तुमचे गुडघे गेले आणि जावई आले. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही, निदान सगळं वाईट लिहिणार नाही. तुमच्या राज्यात आम्ही बाया मागच्या बाभळीत जायचो, अप्पा. बाकी सगळं दुखणं तुम्ही विचारलंत, ते विचारलं नाहीत. संडास बांधला तो साहेबांनी. पंखे लावले, पगाराची तारीख चुकवली नाही. पुण्याकडच्या मोठ्या मोटार कंपनीचं काम आणलं, म्हणजे जीपचं सोडून आम्ही मोटारीच्या सीटा शिवायला लागलो. पण ती कंपनी दरसाल म्हणायची, आणखी स्वस्तात द्या. म्हणून साहेब रोज सकाळी सीट हातात घेऊन एकच विचारायचे, "ह्यातून काय काढता येईल?" तुम्ही विचारायचात, ह्यात काय दुखतंय. सीट तीच. आधी काथ्या गेला आणि तुमच्या पसंतीचा जाड फोम आला. मग दुहेरी टाका एकेरी झाला. सीट दिवसेंदिवस आजारी माणसागत वाळायला लागली. आणि साहेब तिच्यावर कधी बसले नाहीत, त्यांची खुर्ची वेगळी होती, काचेच्या खोलीत.

आता ते फॉर्मचं. साहेबांनी दोन सीटा मांडल्या, अ आणि ब. अ मध्ये तुमचा जाड फोम, ब मध्ये नवा हलका. आम्ही एकेकीनं पाच-पाच मिनिटं बसायचं, जागच्या जागी, पंख्याखाली, आणि कागदावर एक ते पाच मधल्या आकड्यावर खूण करायची. कागद इंग्रजी. साहेब फोनवर बोलत बाहेर गेले. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, कुठला आकडा चांगला? तेव्हा आमच्यातल्या एकीनं ठरवून टाकलं. "त्यात काय इचारायचंय? चांगल्याला एक. पहिला नंबर." झालं. नऊच्या नऊ बायांनी तुमच्या सीटीला एक दिला, आणि त्या हलक्या सीटीला पाच, म्हणजे आमच्या लेखी शेवटचा. साहेबांच्या कागदात पाच म्हणजे सगळ्यात चांगलं होतं.

साहेब तो गठ्ठा घेऊन तुमच्याकडं आले. फोम बदलायचा नाही म्हणून तुम्ही अडून बसला होतात, हे मला नंतर कळलं. मला घरी बोलावणं आलं. तुम्ही पलंगावर, पायावर शाल, कागद मांडीवर. "अक्का, हे तुम्हीच लिवलं का? कुणी सांगून न्हाई ना लिवलं?" मी ताठ उभी राहून म्हणाले, "हाव अप्पा, आम्हीच. मनापासून." मला वाटलं तुम्ही खूश झालात आणि खात्री करून घेताय. तुम्ही कागदावरून हात फिरवला. मग म्हणालात, "बसणाऱ्याला आवडलं तर आपण कोण?" मला त्यातला अर्थ लागला नाही. मी हात जोडून शरणार्थ म्हणाले आणि निघाले.

महिन्याभरात हलक्या फोमच्या गाड्या उतरल्या तेव्हा मी काचेच्या खोलीत शिरले आणि साहेबांवर ओरडले. साहेबांनी कागद काढला, बघितला, कपाळावर हात मारला. "मावशी, एक म्हणजे सगळ्यात वाईट!" ते हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, आता करार झालाय. म्हणाले, मामांना, म्हणजे तुम्हाला, सांगू नका, उगाच त्रास होईल. पुढं काही वर्षांनी त्या मोठ्या कंपनीला आमच्याहून स्वस्त शिवणारे सापडले, आणि शेड बंद झाली. तोवर तुम्ही नव्हतात.

तर नात. तिच्या कंपनीला मांडीखालचा फोम दोन बोटं आखूड करायचाय, आणि तिनं आणलेल्या गाडीत तीच आखूड सीट बसवलेली. गाड्या लाखांनी निघतात, दोन बोटांत लई वाचतं म्हणे. शोरूममध्ये लोकांना बसवून विचारलं, कुणालाच फरक कळला नाही. आता हिनं फरक नाही म्हणून सही करायची. "नाही केली तर?" मी विचारलं. "तर दुसरा कुणीतरी करेल, आणि मी माझ्या साहेबांच्या डोळ्यांवर येईन. ह्या वर्षी मला वरची जागा मिळायचीय, आज्जी." मी म्हणाले, "चल, लातूरला." ती म्हणाली, "आत्ता?" मी तोवर चपला घातल्या होत्या.

रस्ता आता असला गुळगुळीत झालाय, तुम्ही असता तर वैतागला असता. एकही खड्डा धड नाही. मी पुढं बसले, हात मांडीवर, गप्प. लोहा गेलं. नात दर दहा मिनिटांनी विचारते, "आज्जी, कसं वाटतंय?" मी म्हणते, "गाडी हाण." मला मनातून भीती वाटायला लागली की दुखणारच नाही, नवं शास्त्र बरोबर निघेल आणि आपण दोघं खुळे ठरू. अहमदपूर जवळ आलं आणि सुरू झालं. आधी मुंग्या, मग मांड्यांखाली नुसतं लोंबकळल्यागत, मग कंबर. तिनं हॉटेलापुढं गाडी लावली आणि कडीला हात घातला. मी तिचं मनगट धरलं.

"उतरू नको. आधी सांगते."

मी सांगितलं, बोट लावून लावून. ती मोबाईलवर लिहीत गेली. मग म्हणाली, "मलापण दुखतंय आज्जी. रोज हीच गाडी चालवते. मला वाटलं मी थकते." मी विचारलं, "शोरूममधली माणसं किती येळ बसली?" "पाच मिनिटं." "आन लिवलं काय?" "आता लिहीत नाहीत. हसरा नाहीतर रडका चेहरा दाबायचा असतो." मी म्हणाले, "पाच मिनिटांत कोण रडायलंय?"

लातूरला मी तिला शेड दाखवायला नेलं. तिथं आता क्लासवाल्यांची अभ्यासिका आहे, पोरं लोखंडी बाकांवर दिवसभर वाकून बसलेली, त्यांची कुणी विचारपूस करत नाही. आपली भिंत रंगवलीय. जिथं आपली दुखणी होती तिथं पास झालेल्या पोरांचे फोटो, प्रत्येकाखाली आकडा. एक, दोन, तीन, चार. सगळ्यात मोठा फोटो एकचा, गळ्यात हार. मी नातीला म्हणाले, "बघ. हितं एक म्हंजे काय?" आणि तिथंच, त्या फोटोंपुढं उभं राहून, मी तिला फॉर्मची गोष्ट सांगितली. ती आधी हसली. मग तिनं विचारलं, "एक लिहा म्हणून कोणी सांगितलं?"

"होती एक बाई."

"कुठं असते?"

"मेली," मी म्हणाले.

नातीनं सही केली नाही. दोन तास चालत्या गाडीत माणसं बसवा, मग विचारा, असं लिहून दिलं, आणि वर लिहिलं की मला स्वतःला दुखतं. काल फोन आला. तिचे साहेब नीट बोलत नाहीत, वरच्या जागेचं ह्या वर्षी अवघड आहे. पण माणसं बसवायची कबूल केलीयत. आवाज रडवेला नव्हता. म्हणाली, "आज्जी, तुझ्या अप्पांनी मला ठेवून घेतलं असतं का गं?" मी म्हणाले, आधी खड्ड्यात घातलं असतं, मग ठेवून घेतलं असतं.

एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीला टाळत लिहिलं, हे तुम्हाला कळलं असेल. साहेबांवर ओरडून आल्यानंतर तुम्ही चांगले पाच-सहा महिने होतात. मी एकदा आलेसुद्धा, माहेरची केळी घेऊन. तुम्ही उठून बसलात आणि केळ सोलता सोलता विचारलंत, "नव्या सीटा कशा हायत, अक्का? कुठं दुखतंय का?" सांगायला तोंडाशी आलं होतं. पण मग हेही सांगावं लागलं असतं की एवढ्या नऊ बायांत आकडे वाचता येणारी मी एकटी, दुसरी पास, म्हणून मीच ऐटीत म्हणाले, चांगल्याला एक. आणि मी म्हणाले, "न्हाई अप्पा, कुठंच न्हाई." तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, म्हंजे इतकी वर्षं मीच उगा काथ्या भरत होतो. आणि केळ खाल्लंत.

तुम्ही उगा भरत नव्हतात. ते तुम्ही उतरायच्या आधी सांगायचं होतं.

हा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते. नातीच्या हाती लागला तर लागला. तिला मी अजून तरी ती बाई मेली असंच सांगितलंय.